पापणीवर ठेवतो तितकाच हात

लिम्फॅटिक ड्रेनेज, म्हणजे लसिकेचा निचरा करणारी हलकी मालिश, हे नाव हल्ली पुष्कळांच्या कानावर पडतं. या महिन्यातली निम्म्याहून अधिक पत्रं त्याच विषयावरची आहेत, म्हणून या वेळचं सदर सगळं तिलाच देते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली बावीस वर्षं माझं बरंचसं काम सुजलेल्या हातापायांवरच चालतं. तेव्हा उत्तरं त्या अनुभवातून आलेली आहेत.

प्रश्न : ताई, तीन वर्षांपूर्वी माझं उजव्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठी काढल्या, पुढे रेडिएशनही झालं. गेले आठ महिने उजवा हात सुजतो, संध्याकाळी जास्तच. अंगठी काढून ठेवावी लागली. माझे पती रोज रात्री तेल लावून, चांगला जोर काढून हात चोळून देतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण सकाळी हात पुन्हा जड. आमचं काय चुकतंय?

तुमच्या यजमानांच्या हातात माया आहे, ती तशीच राहू दे. जोर मात्र आजपासून बंद.

त्याच्याही आधी एक काम करा. ऑपरेशनला काही वर्षं झाल्यावर हात नव्याने सुजायला लागला, तर तो आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवायचा. आजार परत आलेला नाही आणि शिरेत रक्ताची गाठ झालेली नाही, हे त्यांनी तपासून सांगितलं की मगच ही सूज लसिकेची, म्हणजे लिम्फिडीमाची, असं धरून चालायचं. तुमच्या पत्रात या तपासणीचा उल्लेख नाही, म्हणून ठासून सांगते.

आता हात का सुजतो ते बघू. रक्तातलं पाणी आणि थोडी प्रथिनं सतत पेशींच्या भोवती झिरपत असतात. तिथे साठणारं पाणी लसिकावाहिन्या नावाच्या बारीक नळ्या उचलतात (आत शिरलेल्या या पाण्यालाच लसिका म्हणतात), वाटेतल्या गाठींमधून, म्हणजे रोगाच्या नव्हे तर शरीरात मुळातच असलेल्या गाठींमधून, गाळून नेतात आणि गळ्याशी, कॉलरबोनच्या मागे, परत रक्तात सोडतात. दिवसाला दोन-तीन लिटर तरी असा प्रवास होतो. तुमच्या काखेतल्या गाठी गेल्या, उरलेल्या भागावर रेडिएशनचा परिणाम झाला, त्यामुळे हातातून येणारी मोठी वाट अरुंद झाली. काखेतल्या गाठी अशा सरसकट काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचात एकीला ही सूज येते. तपासणीपुरत्या पहिल्या एक-दोन गाठीच काढल्या असतील, तर शंभरात पाच-सहा जणींनाच. तेव्हा तुमच्याकडून काही कुपथ्य झालं म्हणून हे झालं, असं मनात आणू नका. हे लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईने पहिल्या भेटीत स्वतःलाच दोष दिलेला असतो.

जोर का नको, ते नीट समजून घ्या, म्हणजे हात आपोआप हलका पडेल. या वाहिन्यांची सुरुवात त्वचेच्या अगदी खाली होते. तिथे त्यांची भिंत एकाच पेशीच्या जाडीची असते आणि शेजारशेजारच्या पेशींच्या कडा छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. प्रत्येक कडेला बारीक तंतू बांधलेले, त्यांचं दुसरं टोक भोवतालच्या मांसात रोवलेलं. त्वचा हलकेच ताणली की तंतू ओढला जातो, कौल उचललं जातं आणि पाणी आत शिरतं. त्वचा सोडली की कौल मिटतं, शिरलेलं पाणी मागे फिरू शकत नाही. पुढच्या वाहिन्यांना झडपा असतात आणि त्या स्वतःच मिनिटाला काही वेळा आकुंचन पावून पाणी पुढे ढकलतात. तुम्ही दाबून चोळता तेव्हा ती सुरुवातीची नाजूक नळी चेपून जाते. शिवाय चोळण्याने तिथे रक्त जास्त येतं, आणि रक्त जास्त आलं की झिरपणारं पाणीही वाढतं. रात्री बरं आणि सकाळी जड, असं म्हणूनच होतं. तेलाचाही उपयोग नाही. तेलाने बोटं घसरतात, त्वचा ताणलीच जात नाही.

हे मी स्वतः एकीला त्रास देऊन शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक बाई म्हणाल्या, ‘जरा दम लावून करा हो, नुसतं कुरवाळताय.’ मी दम लावला. दुसऱ्या दिवशी त्यांचा दंड लाल झालेला आणि टेपवर अर्धा सेंटीमीटर जास्त भरलेला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त बाही खाली ओढून बसल्या. ती ओढलेली बाही मला अजून दिसते. पुढे ज्यांच्याकडे मी ही पद्धत रीतसर शिकले, त्यांनी पहिले दोन दिवस आम्हाला एकाही पेशंटला हात लावू दिला नाही. स्वतःचा डोळा मिटायचा, पापणीवर बोट ठेवायचं, बुबुळावर भार न देता नुसती पापणीची त्वचा बाजूला सरकवायची आणि सोडून द्यायची. बोटांना ते जमेपर्यंत दुसरं काही नाही. तुमच्या यजमानांनाही मी हेच सांगेन. आज रात्री आधी स्वतःच्या पापणीवर करून बघा, मग त्याच बोटांनी बायकोचा हात धरा.

क्रमही उलटा आहे, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. सूज हातात आहे म्हणून सुरुवात हातापासून करायची नसते. पाटात गाळ अडकला असेल तर आधी पुढचा गाळ काढतात, मागून पाणी सोडून काय उपयोग? तसंच इथे. पाठीवर निजा, पोट वर येईल असे पाच संथ श्वास घ्या. श्वासाने छातीतली मोठी लसिकावाहिनी हलते, म्हणून हे श्वास वगळू नका. मग कॉलरबोनच्या वरच्या खोलगट जागेत दोन्ही बाजूंना बोटं सपाट ठेवून त्वचा खाली-आत ताणायची, सोडायची. एका जागी पाच ते सात वेळा, घाई नाही. मग डावी काख, कारण ती शाबूत आहे. मग छातीवरून उजवीकडून डावीकडे, त्या शाबूत काखेच्या दिशेने. मग उजवी जांघ, आणि उजव्या कुशीवरून खाली त्या जांघेकडे. एवढं झाल्यावरच हात, तोही दंडापासून. दंड मोकळा झाला की कोपर, मग पुढचा हात, सगळ्यात शेवटी बोटं. प्रत्येक ताण खांद्याच्या दिशेने. सगळं मिळून वीसेक मिनिटं होतात. एकदा तरी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टसमोर बसून दोघांनी हे करून दाखवा. लिहून सांगितलेलं आणि हातात बसलेलं यात फरक पडतो.

आणि नुसत्या मालिशवर थांबू नका. मालिशने हललेलं पाणी पट्टी किंवा दाबाची बाही, म्हणजे हातावर घट्ट बसणारी लवचिक बाही, नसेल तर काही तासांत परत येतं. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने स्तनाच्या कर्करोगानंतरच्या सुजेवरच्या सहा चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात नुसत्या पट्ट्या बांधून सूज ३० ते ३९ टक्के उतरलेली दिसली आणि मालिशची जोड दिल्यावर आणखी सात टक्क्यांच्या आसपास. सूज बेताची असताना ही जोड जास्त कामी आली. मालिश हे माझं रोजचं काम आहे, तरीही मी हे आकडे पेशंटला सांगते, कारण मालिश मन लावून करतात आणि बाही कपाटात ठेवतात अशा बायका मी फार पाहिल्या. बाही मापाचीच हवी. मनगटाशी करकचणारी बाही बोटं फुगवते.

हात वापरायचा का, असं तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणार. वापरायचा. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अमेरिकन अभ्यास आला होता. हात सुजलेल्या १४१ बायका त्यात होत्या. त्यातल्या अर्ध्याजणींनी वर्षभर आठवड्यातून दोनदा, अगदी थोड्यापासून सुरू करून, बाही घालून वजनं उचलली. त्यांची सूज वाढली नाही, उलट सूज उफाळण्याचे प्रसंग कमी झाले. त्याआधी आम्हीच बायकांना ‘पाण्याचं भांडंही उचलू नका’ म्हणून सांगत होतो.

हात लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला तर मालिश आणि पट्टी दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. त्वचेखाली संसर्ग झालेला असतो, अँटिबायोटिक लागतं. ‘उद्या बघू’ अजिबात नको.

प्रश्न : एका ठिकाणी सांगितलं की या मालिशने शरीरातली विषारी द्रव्यं निघून जातात, पाच-सहा बैठकांत वजन उतरतं आणि चेहऱ्याची सूजही जाते. मला आजार काही नाही. करून घ्यावी का?

वजनासाठी नको. चरबी लसिकेच्या वाटेने अशी वाहून जात नाही. बैठकीनंतर काट्यावर थोडं कमी दिसलंच, तर ते पाणी असतं, एक-दोन दिवसांत भरून येतं. ‘विषारी द्रव्यं’ या शब्दाचा मला राग येतो, कारण त्यावर लोक पैसे घालवतात आणि खरी सूज असलेला माणूस चुकीच्या दारात जाऊन बसतो. रक्त साफ करण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. लसिकेच्या गाठी जंतू अडवतात हे खरं, पण त्या काही गाळ साठवून बसलेल्या नसतात, की हाताने पिळून मोकळ्या कराव्यात.

चेहऱ्याचं थोडं वेगळं आहे. सकाळी डोळ्यांखाली आलेली फुगीर सूज हलक्या हाताने लवकर ओसरते, कारण ती मुळात पाण्याचीच असते आणि तिथली त्वचा पातळ. पण उठून तासभर वावरलात तरी ती उतरतेच. हौस म्हणून करायची तर जरूर करा, आधी गळा आणि मग चेहरा, पापणीवर ठेवतो तितक्याच हाताने. कोणी चेहरा रगडायला लागलं, अंगावर काळेनिळे डाग उठवले आणि त्यालाच निचरा म्हणालं, तर तिथून उठा.

प्रश्न : परवापासून डावी पोटरी सुजली आहे, दुखते, गरम लागते. नुकताच लांबचा प्रवास झाला. लसिकेची मालिश सुरू करू का?

नाही. हे वाचून होताच डॉक्टरकडे जा. अशी एकाच पायाची, अचानक आलेली, दुखरी सूज शिरेतल्या रक्ताच्या गाठीची असू शकते. मालिशने ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. डॉपलर सोनोग्राफीत ते कळतं. मध्येच दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ गाठा.

हे उत्तर छापून येईपर्यंत दिवस जातील म्हणून यांना मी आधीच वेगळं कळवलं आहे. इतरांसाठी आणखी दोन गोष्टी. दोन्ही पाय सुजतात आणि उताणं झोपल्यावर दम लागतो, अशा माणसाचं हृदय थकलेलं असू शकतं. मालिशने पाणी आणखी रक्तात लोटलं तर त्याच्यावर भार वाढतो. आणि गरोदरपणात चेहरा-हात एकाएकी सुजले, डोकं दुखायला लागलं, तर आधी रक्तदाब मोजायचा, मालिशचं नाव काढायचं नाही.

प्रश्न : माझे वडील अंथरुणाला आहेत, दोन वर्षं मी त्यांचं सगळं करते. मैत्रिणीने आग्रहाने मला या मालिशला नेलं. मला सूज नाही, काही नाही. पण त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी रात्रभर झोपले. हा लसिकेचा परिणाम की मनाचे खेळ? याने प्रतिकारशक्ती वाढते असंही तिथे म्हणाले.

प्रतिकारशक्ती वाढते, असं मी तुम्हाला सांगणार नाही. झोपेचं मात्र अगदी खरं आहे, त्याला मनाचे खेळ म्हणू नका.

संथ, एकसारखा, न दुखणारा स्पर्श झाला की शरीराची धावपळीची यंत्रणा मागे पडते आणि विश्रांतीची पुढे येते. नाडी सावकाश होते, श्वास खोल जातो, पोटात गुरगुर ऐकू येते. ते गुरगुरणं मला बैठकीत फार आवडतं. माणूस सैलावला, हे मला त्यावरून कळतं. माझे कित्येक पेशंट छातीवरचे हात संपून दंडावर येईपर्यंत झोपलेले असतात.

ही पद्धत बसवली ती एमिल व्होडर आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश जोडप्याने, १९३० च्या दशकात. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सतत सर्दीने त्रासलेले लोक त्यांच्याकडे यायचे, मानेतल्या गाठी सुजलेल्या असायच्या. त्या काळी त्या गाठींना हात लावायला डॉक्टर तयार नसत. यांनी लावला, पण अत्यंत हलका, आणि १९३६ मध्ये पॅरिसमध्ये ही पद्धत लोकांपुढे मांडली. सुजलेल्या हातापायांच्या उपचारात पट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा यांच्याशी तिची नीट सांगड घातली गेली ती पुढे जर्मनीत, मिखाएल आणि एटेल्का फ्योल्डी या डॉक्टर दांपत्याकडून.

तुमच्यासाठी त्यातलं कामाचं एवढंच, की दोन वर्षं तुम्ही दुसऱ्याचं अंग पुसता, कूस बदलता, भरवता. त्या दिवशी तासभर कोणीतरी तुमच्या अंगाला सावकाश हात लावला आणि बदल्यात तुमच्याकडून काही मागितलं नाही. झोप लागणारच. महिन्यातून एकदा जमत असेल तर जा, आणि तेवढा वेळ वडिलांजवळ कोण बसेल हे आजच ठरवून टाका. न जमल्यास रात्री निजताना पोटातून पाच श्वास आणि मानेवर हलके हात, तेही चालेल. त्याला पाच मिनिटं लागतात.

प्रश्न : आईचा उजवा पाय पंधरा वर्षं सुजलेला आहे. डॉक्टरांनी हत्तीरोग सांगितला, गोळ्या झाल्या. आता कातडी जाड, खरखरीत झाली आहे, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात, वर्षातून तीन-चारदा ताप येतो. इतक्या उशिरा मालिशचा काही उपयोग होईल का?

होईल, पण तुमच्या आईच्या बाबतीत मालिशचा नंबर तिसरा. पहिला नंबर साबण-पाण्याचा.

हत्तीरोगाचा जंत लसिकावाहिन्यांतच राहतो आणि त्या रुंद, निकामी करून टाकतो. गोळ्यांनी रक्तातली त्याची पिल्लं मरतात, पण बिघडलेली वाहिनी पूर्वीसारखी होत नाही. म्हणून सूज राहते. येणारे ताप मात्र बहुतेक वेळा जंतामुळे नसतात, त्या बेचक्यांतल्या चिरांमधून शिरलेल्या साध्या जंतूंमुळे असतात. प्रत्येक तापागणिक पाय आणखी बिघडतो. तेव्हा रोज पाय साध्या साबणाने धुवा, बेचक्या मऊ कापडाने टिपून कोरड्या करा. चोळून पुसू नका. चिरांना डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम, उरलेल्या कातडीला साधं मॉइश्चरायझर. झोपताना पाय उशीवर उंच. एवढंच मन लावून केलं तरी ताप कमी होतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

दुसरा नंबर पट्ट्यांचा, आणि त्या कशा बांधायच्या ते शिकूनच घ्या. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टी नको. मग मालिश, पुन्हा त्याच क्रमाने : श्वास, मान, पोट, जांघ, मांडी, आणि पाऊल शेवटी. जाड झालेल्या कातडीवर तुम्हाला जोर लावावासा वाटेल. घट्ट झालेल्या जागी थोडा जास्त दाब लागतो, पण तो कुठे आणि किती, हे समोर पाय बघूनच शिकवता येतं.

आज आईच्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची, वरच्या बाजूची, मुळाशी असलेली कातडी चिमटीत धरून बघा. धरता येणार नाही, असा माझा अंदाज आहे. लसिकेच्या जुन्या सुजेची ती खूण असते. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींची ती कातडी पाच महिन्यांनी पहिल्यांदा चिमटीत आली. पायाचा घेर फारसा उतरला नव्हता, पण त्यांनी माझं बोट बाजूला करून स्वतः पुन्हा पुन्हा चिमटी घेऊन बघितली, आणि मग मुलाला हाक मारून त्यालाही घ्यायला लावली.

शिवणकामाचा टेप घ्या. घोट्यापाशी, पोटरीच्या मध्यावर आणि गुडघ्याखाली पेनाने खुणा करा, सकाळी उठल्याबरोबर घेर मोजून तारखेसह वहीत लिहा. दर रविवारी, त्याच वेळी, त्याच खुणांवर. आणि ताप कधी आला तेही त्याच वहीत. तीन महिन्यांनी त्या पानांची नक्कल मला पाठवा, पुढचं त्यावरून सांगेन.